सावलीचे सात दिवस

शिंगाळ्याचा काटा अंगठ्याच्या बुडात शिरला
तेव्हा मी शिवी दिली आणि पुढचा मासा उचलला.
तिसऱ्या दिवशी पंजा भाकरीसारखा फुगला,
लाली मनगटावरून वर सरकू लागली,
भरती सरकते तशी, न विचारता.

परुळ्याच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई, सरमळकर.
लाली कुठवर आली ते त्यांनी पेनाने माझ्या कातडीवर आखलं.
"या रेघेपुढे गेली तर रात्र असो, पहाट असो, यायचं."
मग विचारलं, आधी कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं?
दिवस गेलेत का? अजून कसल्या गोळ्या चालू?
इतकं मला लग्न ठरवतानाही कोणी विचारलं नव्हतं.

मेडिकलवाल्या इनासने एक अख्खी पट्टी दिली,
दुसरीतल्या चार कात्रीने कापल्या. चौदा.
"सकाळी एक, रात्री एक. गिलासभर पाणी.
घेतल्यावर आडवां होवचां नाय.
आणि वयनी, उनात जावचां नाय."
मी हसले.
निवतीच्या वाळूवर बांगडे सुकवते मी, इनास.
ऊन हेच माझं दुकान.

पहिल्या रात्री घोटभर पाण्यावर गिळली आणि कलंडले.
मध्यरात्री छातीच्या मधोमध निखारा,
जणू काटा हातातून निघून तिथे रुतलाय.
सकाळी पित्ताची पूड शोधते तर इनास फोनवर ओरडला,
"ती हिच्या वांगडा नको! गोळयेक धरून बसता,
अंगाक लागाक देणा नाय."
रक्तवाढीची गोळीही लांबच्या वेळेला, दूधही.
मग मी भिंतीला पाठ लावून ताठ बसायला शिकले,
अर्धा तास,
तांब्या मांडीशी, डोळे मिटत असताना.

चौथ्या दिवशी लाली पेनाच्या रेघेमागे हटली.
लवू भावजी ओसरीवरून म्हणाले,
"बरां झालां मां? ऱ्हवलेल्यो माका दी. पाय ठणाकता."
त्यांच्या पायाचं दुखणं वेगळं, त्याचं नाव वेगळं.
ते परुळ्याला जाऊन विचारावं लागतं.
पट्टी मी तांदळाच्या डब्यात खोल पुरली.

आणि मी, एवढी शहाणी, त्याच दुपारी
बांगडे उलटायला गेले. घटकाभरच.
डोक्यावर पदर नाही, हातांवर काही नाही.
दिवेलागणीला मान आणि मनगटं पोळल्यासारखी.
जन्मभर उन्हात वाळलेली ही कातडी
पंचेचाळिसाव्या वर्षी नवी सून झाली.
काही सोसेना तिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे औषधामुळे.
मनाने बंद करू नका. लांब बाह्या, सावली.
पण ओठ सुजले, श्वास अडकला, अंगावर फोड आले,
डोकं फुटायला लागून नजर धूसर झाली,
तर पुढची गोळी नको, थेट इकडे.
लेकीच्या वहीत, गणिताच्या पानामागे
मी ते लिहून घेतलं. चुकीच्या वेलांट्यांसकट.

मग झावळ्यांच्या मांडवात बसून
मी माझं खळं बघितलं.
कधी बघितलं नव्हतं. उन्हात असताना ऊन दिसत नाही.
लेक आणि शेजारची हाजरा बांगडे उलटत होत्या,
भलत्याच टोकाकडून,
आणि बांगडे तरीही सुकत होते.
याचं थोडं वाईट वाटलं.

मळमळ होती. पेजेवर घेतली की कमी.
चौदावी रविवारी रात्री. पाणी. ताठ. अर्धा तास.
अंगठ्यात अजून एक बारीक गाठ आहे,
दाबली की शिंगाळा आठवतो.

रिकाम्या पट्ट्या लेकीने दोरीला टांगल्या,
बांगड्यांवर, कावळ्यांसाठी.
वाऱ्यावर लखलखतात. कावळे माडाखालून बघतात,
पुढे येत नाहीत.
मीही इथूनच बघते.
अजून दोन दिवस ऊन टाळायला सांगितलंय.